घेतली का, घेतलीत का

मु. शेंदूरवाडी, ता. नायगाव
७ जुलै २०२५

चि. वर्षाराणीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा "मावशी, मला तुझ्याशी बोलता येत नाही, नियम आहे" म्हणलीस अन् ठेवून दिलास. मला आधी वाटलं, लातूरला जाऊन पोरगी मोठी झाली. मग जयाला इचारलं. जया म्हणजे आमच्या गावची आशाताई, तुझी मशीन तिनंच आणून बसवली. तिनं उलगडून सांगितलं की तुझ्या पीएचडीला शुगरचे चाळीस पेशंट लागत होते, नायगाव अन् उमरीच्या खेड्यांतून चिठ्ठ्या टाकून काढले, त्यात माझी चिठ्ठी निघाली. आता मी तुझी सख्खी मावशी असले तरी सहा महिने पेशंट. अन् संशोधन करणाऱ्यानं पेशंटला बोलायचं न्हाई, न्हाईतर पेशंट भिडंपोटी गोड गोड सांगतो अन् आकडे बिघडतात.

मी तो नियमाचा कागद मागून घेतला अन् दोनदा वाचला. त्यात फोन लिहिलाय, मेसेज लिहिलाय, भेट लिहिलीय. पत्र कुठंच लिहिलेलं न्हाई. म्हणून हे पत्र.

तर मशीन चांगली हाय. पोरांच्या पाटीएवढी. कोनाड्यात ठेवली. सकाळी आठला त्यातली बाई बोलती, "नमस्कार. आपली तब्येत कशी आहे?" काय तिचा आवाज वर्षे! साखर घोळल्यावानी, अन् साखर तर तूच बंद केलीस. मग तीन तोंडं येतात, एक हसरं, एक गप्प, एक रडकं. त्यातलं एक दाबायचं. आता "आपली" म्हणल्यावर मी तुझ्या काकाला इचारते, "तुमची कशी हाय?" ते म्हणतात, गुडघा लई दुखतो. माझं हसरं, त्यांचं रडकं, दोन्ही मिळून मी गप्प तोंड दाबते. हिशेब बरोबर हाय ना?

काका तर साडेसातलाच दाढी करून मशीनपुढं बसून राहतात. जलमभर एसटीत कंडक्टरकी केली, "पुढं सरका" याच्याशिवाय बाईमाणसाशी बोलले न्हाईत. आता "नमस्कार" आला की हातबी जोडतात.

ती सांगती तसं सगळं करतो आमी. "आपण रोज अर्धा तास चालावे" म्हणली, तर दोघं मारुतीपर्यंत जाऊन येतो. "आपण साखर टाळावी" म्हणली, तर काकाचा चहाबी फिका. लई कुरकुर केली त्यांनी, पण बाई म्हणती म्हणल्यावर पितात. अन् ते पायाचं! "आपण आपले तळवे रोज आरशात पाहावेत." मग आमी दोघं अंगणात समोरासमोर बसतो, मी त्यांचे तळवे बघते, ते माझे. आरसा एकच हाय.

तुझी मावशी,
गुणाबाई


लातूर
११ जुलै २०२५

ती. मावशीस सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसावं की घाबरावं कळेना. नियमात पत्र लिहायचं राहिलं ही चूक माझी, कारण नियम मीच टाइप केला होता. त्यामुळे या पत्रात मी फक्त घरचं लिहीन. अभ्यासाबद्दल एक अक्षर नाही.

आई अहमदपूरला बरी आहे. मी मेसचं खाऊन वाळले आहे.

आता घरचंच म्हणून सांगते. तू आणि काका मिळून चालता, मिळून फिका चहा पिता हे मी आमच्या गुरुपादप्पा सरांना (माझे गाइड) नाव न घेता सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच. "बघा! पेशंटला केंद्रस्थानी ठेवलं की कुटुंब आपोआप भोवती येतं!" असं म्हणून त्यांनी फळ्यावर मधे एक गोल काढला, त्याच्याभोवती दुसरा गोल काढला आणि दोन्हींकडे बराच वेळ प्रेमाने बघत राहिले. मधल्या गोलात तू आहेस. बाहेरचे काका.

एक गोष्ट मी विचारायला नको आहे. रोज सकाळी "आपण गोळी घेतली का?" या प्रश्नाला तू आधी "नाही" दाबतेस आणि बरोबर चार मिनिटांनी "हो" दाबतेस. एक दिवस चुकलेला नाही. बाकीही काही घरांत असंच दिसतं. सर म्हणतात, मशीन आठवण करून देतं आणि पेशंट लगेच गोळी घेतो, म्हणजे मशीन किती उपयोगी! मी हे विचारलं नाही असं समज.

काकांना नमस्कार.

तुझी,
वर्षाराणी


शेंदूरवाडी
२४ जुलै २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तू जे इचारलं न्हाईस त्याचं उत्तर लिहिते. आधी न्हाई दाबते कारण तवा झालेली नसती. मग होती. मग हो दाबते. खोटं मी दाबत न्हाई.

उद्यापासून श्रावण. कोंडाबाईनं आमची अब्रू घालवली बघ. माझी जाऊच ती, भिंतीला भिंत. तिनं कुंपणावरून आमचं पायाचं बघितलं अन् गावभर केलं की शेषेराव म्हातारपणी बायकोच्या पाया पडायलेत, तेबी आरसा घेऊन. चावडीवर माणसं काकाला इचारायलीत, काय चूक झाली म्हणून. काका म्हणतात, डॉक्टरी हाय, तुम्हाला कळायचं न्हाई.

दुसरी खबर. गोळ्या महिन्याच्या तीस मिळतात, त्या पंधरा दिसातच संपल्या. जयानं अजून आणून दिल्या, पण लई बारीक डोळे करून बघितलं माझ्याकडं. म्हणली, उंदीर नेतात का? मी म्हणलं, उंदराला शुगर हाय का? तिनं वहीत "उंदीर" लिहिलं.

काकाची तब्येत मात्र ठीक न्हाई. रोज अकराच्या सुमाराला घाम सुटतो, हात थरथरतात, चिडचिड करतात. परवा मला "उतरा खाली" म्हणले, घरात! मग डब्यातला गुळाचा खडा चोरून खातात, की पुन्हा माणसात येतात. मी बघून न बघितल्यासारखं करते. फिक्या चहाचा राग असंल. तुझ्या बाईला ह्याच्यावर काई इलाज माहीत असंल तर सांग म्हणावं.

गुणाबाई


लातूर
२ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस सा. नमस्कार.

काकांचं वाचलं. उकाडा अजून गेलेला नाही, वयही सत्तरीला आलं. पाणी जास्त प्यायला सांग. सवड झाली की दवाखान्यात बीपी बघून घ्या.

उंदरांचं मी सरांना सांगितलं, कारण जयाताईंच्या वहीतून ते तसंही आलंच होतं. आणि गंमत म्हणजे उमरीकडच्या घरांतूनही गोळ्या लवकर संपल्याचं कळलं. सर म्हणाले, औषध साठवण हा स्वतंत्र मुद्दा आहे. आता प्रत्येक घरी घट्ट झाकणाची डबी द्यायचा प्रस्ताव मी लिहिते आहे, चार पानी.

मावशी, खरं सांगू? पुढच्या महिन्यात विद्यापीठात मला अभ्यासाचा पहिला अहवाल मांडायचा आहे. तुझं घर मी "आदर्श कुटुंब" म्हणून दाखवणार आहे. चाळीसांत तुझेच आकडे सगळ्यांत शिस्तीचे आहेत.

तुझी,
वर्षाराणी


शेंदूरवाडी
६ ऑगस्ट २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक हाय. काका ठीक हायत. मी ठीक हाय. म्हैस ठीक हाय. मशीन ठीक हाय, पण जरा फडक्यात गुंडाळून ठेवली, धूळ बसती म्हणून. तू काळजी करू नकोस, अहवाल चांगला मांड. कुणी काई सांगितलं तर कान देऊ नकोस. काका सध्या कुठं जात न्हाईत, घरीच पडून हायत, म्हणजे बसून हायत.

उत्तर लिहायची घाई न्हाई.

गुणाबाई


शेंदूरवाडी
७ ऑगस्ट २०२५

प्रति,
कु. वर्षाराणी,
संशोधक विद्यार्थिनी, लातूर.

विषय : दि. ४-८-२०२५ रोजी नायगाव–नांदेड गाडीत घडलेल्या घटनेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी निवेदन करतो की, सदर दिवशी श्रावणी सोमवार असल्याने मी निरंकार उपवास धरला होता. सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी नित्याप्रमाणे गोळी घेतली व चष्म्याची काच बदलण्याकामी नांदेडला निघालो. गाडीत बसल्यावर काही वेळाने मला घाम सुटला व डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यापुढचे मला स्मरत नाही. पुढील मजकूर प्रवाशांच्या सांगण्यावरून देत आहे.

मी जागेवरून उठलो व "तिकीट, तिकीट, सुट्टे काढून ठेवा" असे म्हणत मागच्या बाकापासून सुरुवात केली. चार प्रवाशांची तिकिटे तपासून त्यांना परत केली. एका बाईच्या मांडीवर झोपलेल्या तीन महिन्यांच्या बाळास अर्धे तिकीट लागेल असे बजावले. बाळ रडू लागल्यावर त्यास पुढे सरकण्यास सांगितले. दरम्यान गाडी एका फाट्यावर थांबली असता कामावरील कंडक्टर श्री. दगडोबा हे एका म्हातारीचे गाठोडे उतरवून देण्यासाठी खाली उतरले होते. मी डबल घंटी दिली. माझी घंटी देण्याची पद्धत सराईत असल्याने ड्रायव्हरास संशय आला नाही व गाडी कंडक्टरावाचून सुटली.

श्री. दगडोबा हे एका दुधवाल्याच्या मोटरसायकलवर बसून दोन किलोमीटरवर गाडीस गाठते झाले. ते मला ओळखतात, कारण नोकरीच्या सुरुवातीला ते माझ्याच हाताखाली शिकले. त्यांनी प्रथम माझ्या तोंडाचा वास घेतला. तो निर्दोष आढळला. तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून खाली बसलो. श्री. दगडोबांनी गाडी वळवून एक्केचाळीस प्रवाशांसह तालुक्याच्या दवाखान्याच्या दारात आणली. एका इसमाखेरीज कोणीही तक्रार केली नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासून साखर सेहेचाळीसपर्यंत उतरल्याचे सांगितले, तातडीने सलाइन लावले व मला कोणती औषधे चालू आहेत ते विचारले. एव्हाना तुझी मावशी रिक्षाने पोचली होती. ती म्हणाली, "शुगरची गोळी. आमी दोघं घेतो." डॉक्टर म्हणाले, ह्यांना शुगर आहे का? ती म्हणाली, नाही. डॉक्टर म्हणाले, मग गोळी का? ती म्हणाली, मशीन सांगते. मशीन रोज विचारते, आपण गोळी घेतली का. तिची झालेली असते, माझी नसते, म्हणून ती "नाही" दाबते. मग मशीन म्हणते, "कृपया आत्ता घ्यावी." मग मी घेतो. मग ती "हो" दाबते. एक जुलैपासून खंड नाही.

ही बाब तुला कळवू नये, पोरीचं शिक्षण बुडेल, असे मावशीने ठरवले आहे व मला शपथ घातली आहे. तथापि तीस वर्षांच्या सेवेत मी एकही विनातिकीट प्रवासी लपवला नाही. सबब हे लपवणे मला जमत नाही.

माझी प्रकृती आता उत्तम आहे. मशीनमधील बाईंबद्दल माझी व्यक्तिशः तक्रार नाही. त्या अत्यंत सौजन्याने बोलतात.

बाळ, तू रडू नकोस.

आपला विश्वासू,
शेषेराव
(सेवानिवृत्त वाहक)


लातूर
१२ ऑगस्ट २०२५

ती. मावशी आणि ती. काका,

काकांचं पत्र काल दुपारी मिळालं. मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्याने वाचलं आणि पायरीवर बसले.

मावशी, "आपण" म्हणजे तू. एकटी तू. पुस्तकी मराठीत मोठ्या माणसाला आदराने "आपण" म्हणतात, तसं आम्ही लिहिलं. आम्ही आधी "आपण गोळी घेतलीत का" असं लिहिलं होतं. आवाज देणाऱ्या बाईंना "घेतलीत" जड वाटलं, त्यांनी "घेतली" म्हटलं, आणि मी मान डोलावली. एक त गेला आणि काका दवाखान्यात गेले.

मी पत्र घेऊन सरांकडे गेले. सरांना आधी पटेना. म्हणाले, "आपण हे आदरार्थी सर्वनाम आहे, त्यात संदिग्धता कसली?" मग त्यांनी स्वतःच प्रयोग केला. आमच्याकडे झाडलोट करायला मनकर्णाबाई येतात, त्यांना बोलावलं आणि अदबीनं विचारलं, "मनकर्णाबाई, आपण चहा घेतला का?" त्या म्हणाल्या, "न्हाई सर. चला, घेऊ." आणि झाडू भिंतीला टेकवून दाराशी थांबल्या, सर कधी उठतात म्हणून. सर उठले. दोघांनी कँटीनला जाऊन चहा घेतला. परत आले ते फळ्यावरचे दोन्ही गोल पुसायला लागले.

मग आम्ही गोळ्यांच्या नोंदी काढल्या. चाळीसपैकी अकरा घरांत गोळ्या निम्म्या दिवसांत संपल्या होत्या. मावशी, अकरा! मी ज्याला उंदीर समजत होते ते अकरा नवरे आणि बायका होत्या. सरांनी गाडी काढली, मी फोन घेऊन बसले. नियम मोडून सगळ्या घरांना फोन केले, तिथल्या आशाताईंना पळवलं. संध्याकाळपर्यंत अकराही घरांतल्या जास्तीच्या गोळ्या बंद केल्या. उमरीकडे रामलिंगअप्पा म्हणून आहेत, बायको पेशंट आहे. ते आठ दिवस अंथरुणाला खिळले होते, घरचे म्हणत होते अशक्तपणा आला. त्यांना दवाखान्यात नेलं, आता उठून बसले आहेत. काकांचं पत्र आणखी आठ दिवस उशिरा आलं असतं तर काय झालं असतं, ते मी मनात येऊ देत नाही.

अभ्यास आम्ही थांबवला आहे. आमच्या कॉलेजची एथिक्स कमिटी असते, पेशंटला त्रास होऊ नये हे बघणारी. तिच्यापुढे मी सगळं मांडणार आहे. तुझी पत्रंही. कदाचित माझी पीएचडी इथेच संपेल. संपली तर संपली.

रोज आठ वाजून चार मिनिटांनी तू "हो" दाबतेस हे मला लातुरात बसून दिसत होतं. त्या चार मिनिटांत घरात काय होतं ते मी विचारलं नाही. काकांना घाम सुटतो हे तू लिहिलंस, तरी मी उकाडा म्हटलं. मला माफ करा.

वर्षाराणी


शेंदूरवाडी
१८ ऑगस्ट २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

आधी रडणं बंद कर, मग पुढं वाच.

तुझा फोन आल्यावर काकाशी मी चार दिवस बोलले न्हाई, शपथ मोडली म्हणून. मग तुझ्या पत्रात त्या रामलिंगअप्पाचं वाचलं अन् गपचूप जाऊन काकाला शिरा करून दिला. तूप ओतून, साखर घालून. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

आता माझंबी ऐक. चूक एकट्या तुझी न्हाई. माझ्या मनात पहिल्याच दिशी आलं होतं की ह्यांना शुगर न्हाई, मग ह्यांना गोळी कशाला. पण हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात तवा घरातल्या सगळ्यांनाच देतात ना? रोग असो नसो. मला वाटलं, हेबी तसंच असंल, शुगर होऊच नये म्हणून. अन् मशीन पडली तुझी, तू इतकी शिकलेली, तिला उलटं काय इचारायचं? तिला उलटं इचारायची सोयच न्हाई ना वर्षे. ती इचारती, आपण बटण दाबायचं. मी एकदा म्हणलंबी तिला, "बाई, ह्यांना शुगर न्हाई हो." ती म्हणली, "धन्यवाद. आपला दिवस आनंदात जावो."

तुझ्या त नं काई होणार न्हाई. आमच्यात घेतलीत कोण म्हणतंय? सरळ नाव घ्यायचं. "गुणाबाई, तुमची गोळी तुमी खाल्ली का? शेषेरावांना देऊ नका." बस. अन् खाली एक बटण पाहिजे, "मला काईतरी इचारायचं हाय." ते दाबलं की खरं माणूस बोललं पाहिजे. जया बोलली तरी चालंल.

पत्रं कमिटीला दे. माझी हरकत न्हाई. फक्त कोंडाबाईचं जे हाय तेवढं काट मार. न्हाई, राहू दे. खरं हाय ते खरं हाय. पण तिला कळू देऊ नको.

अन् तू ये. पेशंट-बिशंट सगळं बंद झालं ना आता? मग नियमबी बंद. शनिवारी ये, काका नायगावच्या स्टँडवर थांबतील. मेसचं खाऊन वाळलीस म्हणून तूच लिहिलंस.

तुझी मावशी,
गुणाबाई


लातूर
१४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस सा. नमस्कार.

शेंदूरवाडीहून आल्यापासून तुला लिहायला आज सवड मिळाली. कमिटीचा निकाल लागला. आपली सगळी पत्रं त्यांनी मोठ्याने वाचून घेतली. काकांचं निवेदन वाचताना, बाळाला पुढे सरकायला सांगितल्याच्या जागी, अध्यक्ष साहेबांनी चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला, आणि ते रडत नव्हते. पण शेवटी त्यांनी मला उभं करून जे सुनावलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, "चाळीस घरी मशीन पोचलं. तुम्ही एका तरी घरी पोचलात का?"

अभ्यास पुन्हा सुरू करायला परवानगी आहे, पण आधी मी प्रत्येक घरी दोन दिवस राहायचं, प्रश्न त्यांच्या तोंडून लिहून आणायचे आणि मगच मशीनमध्ये घालायचे. पीएचडी वर्षभर लांबली. तुझं बटण मात्र मंजूर झालं. आवाज जयाताईंचा घेतला आहे. चार घरांत नमुना ऐकवला, एकाच घरची तक्रार आली, मशीन बायकोचं नाव गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने घेतं म्हणून.

आणखी एक. कमिटीत डॉक्टर, वकील असे असतातच, पण एक सामान्य माणूसही लागतो, तसा कायदाच आहे. ती जागा रिकामी आहे. गुरुपादप्पा सरांनी तुझं नाव सुचवलं आणि अध्यक्षांनी लगेच हो म्हटलं. माझा विषय निघाला की तुला बाहेर बसावं लागेल, एवढंच. तीन महिन्यांतून एकदा लातूरला यायचं. येशील ना?

तुझी,
वर्षाराणी


शेंदूरवाडी
१९ जानेवारी २०२६

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

परवा मीटिंग झाल्यावर तू कॉलेजात कुठं दिसली न्हाईस. गुरुपादप्पा सर म्हणले, उमरीकडं गेली, रामलिंगअप्पांच्या घरी मुक्कामाला. चांगलं झालं. म्हणून सगळं लिहूनच कळवते.

मी सामान्य हाय असा कागद आला तवा गावात लई गोंधळ झाला होता. शिक्क्यासकट होता ना. कोंडाबाई म्हणली, "मी बी सामान्यच हाय की, मला का न्हाई बोलावलं?" काका म्हणले, "तुमचा अर्ज कमी पडला असंल."

तर आमी दोघं अहमदपूरला तुझ्या आईकडं मुक्काम करून लातूरला पोचलो. काकाला बाहेर बाकावर बसवलं. आत लांबच लांब टेबल, सगळे कोटवाले. मी पदर सावरून एका कडेला बसले तर अध्यक्ष साहेब म्हणले, "बाई, इकडं मधे या." पुढ्यात बावीस पानांचा कागद ठेवला. मी सगळा वाचला. बाकीचे चहा पीत होते, मी वाचत होते.

एका मोठ्या डॉक्टरांचा अभ्यास होता. कापूस वेचणाऱ्या बायांच्या मनगटाला घड्याळ बांधायचं. उन्हात बाईची छाती लई धडधडायला लागली की घड्याळ थरथरतं अन् बोलतं, "कृपया विश्रांती घ्यावी." डॉक्टरांनी भिंतीवर चित्रं दाखवली, लई छान सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणले, "गुणाबाई, तुम्हाला काई इचारायचं हाय?"

मी इचारलं वर्षे. म्हणलं, "साहेब, घड्याळ बाईला बस म्हणतंय. मालक तिला ऊठ म्हणतोय. मग तिनं कुणाचं ऐकायचं?"

डॉक्टरांनी पुढचं चित्र लावलं, पुन्हा मागचं लावलं. मग म्हणले, "हे आम्ही मालकांना विचारलेलं नाही." माणूस वाईट नव्हता, खरं बोलला. वकीलबाई म्हणल्या, बसल्यावर मजुरी कापली तर काय, तेबी लिहून आणा. अध्यक्ष म्हणले, कागद परत पाठवा, आधी बायांना अन् मालकांना इचारून या, मग घड्याळ.

त्या पानावर सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. मी बारीक केली, कोपऱ्यात, जागा कशाला अडवायची म्हणून. अध्यक्ष साहेबांनी कागद फिरवून पुन्हा माझ्यापुढं सरकवला. म्हणले, "बाई, ही दिसंना. मोठी करा."

केली. शेजारच्या डॉक्टरच्या रकान्यात गेली.

तुझी मावशी,
गुणाबाई